लॅपटॉपच्या आवाजातली कडकड: कारण निघालं वायफाय

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्याकडे संध्याकाळी लॅपटॉपवर ख्याल लागतो. विलंबितात तानपुऱ्यावर मध्येच कट्-कट् व्हायचं. सिनेमाच्या गाण्यात ते ढोलकीत दडून जातं, तानपुऱ्यात मात्र लगेच कानाला टोचतं.

हेडफोन लावले तरी तेच, म्हणजे स्पीकर निर्दोष. डिस्कवर उतरवलेली फाइलही तशीच वाजे, तेव्हा नेटच्या वेगाचाही प्रश्न नव्हता. दुकानदार साउंड कार्डच बदला म्हणत होता! मी 'लेटन्सीमॉन' हे प्रोसेसर कोण अडवून धरतं ते दाखवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्यात सगळ्यात वर नाव आलं 'एनडीआयएस डॉट सिस', म्हणजे विंडोजचा नेटवर्कचा भाग. वायफाय बंद केलं, आवाज स्वच्छ.

होतं असं: आवाजाचा डेटा छोट्या बफरमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून, जातो. एखाद्या ड्रायव्हरने (वायफायसारखा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रोसेसर काही मिलिसेकंद जास्त अडवून धरला की बफर रिकामा पडतो आणि कडकड ऐकू येते.

लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून वायफायचा नवा ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं. आता वायफाय चालू ठेवूनही तानपुरा अखंड वाजतो. ब्लूटूथ स्पीकरवर अजून कधीतरी अडखळतो, पण ते दुखणं वेगळं.