यादीतले फोटो दाखवायच्या मापातच डिकोड करा

अ‍ॅपमध्ये स्क्रोल करताना फोटोंची यादी अडखळत असेल, तर फोटो किती मोठ्या मापात डिकोड होतोय, म्हणजे फाइल उलगडून मेमरीत किती पिक्सेल मांडले जातायत, ते आधी बघा. फाइल जेमतेम 3 एमबीची आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण मेमरीत जेपेगचं कॉम्प्रेशन उरत नाही. 4000 × 3000 पिक्सेलचा फोटो, दर पिक्सेलला 4 बाइट धरले तर, 48 एमबी खातो. तोच 200 × 200 च्या चौकटीपुरता डिकोड केला की 160 केबीत भागतं! अँड्रॉइडवर ग्लाइड आणि कॉइल या फोटो लोड करणाऱ्या लायब्ररी व्ह्यूच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या चौकटीच्या, मापावरून हे स्वतःच करतात. फक्त इमेजव्ह्यूला (फोटोच्या चौकटीला) रुंदी-उंची ठरवून द्या, 'रॅप कंटेंट'वर (आत जे येईल तेवढं माप) सोडू नका. फ्लटर या अ‍ॅप बनवायच्या टूलकिटमध्ये मात्र कॅशविड्थ (डिकोड करायची रुंदी) तुम्हालाच द्यावी लागते, आणि तीही स्क्रीनच्या पिक्सेल रेशोने (मांडणीतल्या एका पिक्सेलमागे स्क्रीनचे खरे पिक्सेल किती) गुणून, नाहीतर फोटो धूसर दिसतो. सर्व्हरच छोटी आवृत्ती देत असेल तर उत्तमच, डेटाही वाचतो.

आणखी एक, हे बरेचदा राहून जातं: रीसायकल झालेल्या, म्हणजे स्क्रीनबाहेर गेल्यावर नव्या नोंदीसाठी पुन्हा वापरलेल्या, रांगेची फोटो आणायची जुनी रिक्वेस्ट रद्द करा. ज्या नोंदीला फोटोच नाही, तिथे लोड करणं नुसतं टाळून चालत नाही. आधीचा फोटो काढावाच लागतो, नाहीतर एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा चेहरा दिसतो.