वणव्याचा नकाशा जमीनवापरावर ठेवताना

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या काउंटीचा जमीनवापर आराखडा आणि वणव्याच्या धोक्याचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या संगणक-प्रणालीत एकावर एक ठेवणार असाल, तर धोक्याचे दोन्ही थर उतरवून घ्या. जिथे वणवा विझवायची जबाबदारी राज्याची आहे, त्या भागाचा थर १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. शहरं वगैरे स्थानिक जबाबदारीतल्या भागाचा २०२५ मध्ये आला. पहिलाच घेतलात तर शहराची हद्द कोरी दिसते आणि बघणारा ती सुरक्षित समजतो. ही चूक फार महागात पडू शकते. संघराज्याच्या जमिनीही कोऱ्याच दिसतील. तिथे ‘माहिती नाही’ म्हणून राखाडी रेघा मारा.

मग दोन्ही नकाशांचा छेद घेऊन, म्हणजे ते जिथे एकमेकांवर येतात तो भाग वेगळा काढून, प्रत्येक वापराखालचं क्षेत्र मध्यम, उच्च, अतिउच्च असं एकरांत काढा. सगळ्यात आधी बघायचं ते निवासी म्हणून दाखवलेल्या पण अजून मोकळ्या असलेल्या जमिनीकडे, कारण तिथला निर्णय अजून बदलता येतो.

आणि नकाशाच्या रंगसूचीत ‘जोखीम’ (म्हणजे नुकसान होण्याची शक्यता) लिहू नका, ‘धोका’ लिहा. हा नकाशा उतार, झाडझाडोरा, वारा मोजतो. घराचं छप्पर पत्र्याचं की लाकडी, हे त्याला ठाऊक नसतं.