डीडी सह्याद्री वाहिनी इंदुरात बघायची आणि जपायचीही असेल, तर कोणतं सामान घ्यावं

महाराणी रोडवर ‘रेकॉर्डिंगवाला डबा दाखवा’ म्हटलं, की काउंटरवर तीन-चार सेट-टॉप बॉक्स येतात आणि बहुतेकांच्या खोक्यावर ‘यूएसबी रेकॉर्डिंग’ छापलेलं असतं. त्यात खोटं काही नाही. मात्र रेकॉर्ड झालेली फाइल नंतर कुठे उघडेल, ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून घरातून निघण्याआधीच ठरवा: हुकलेली मालिका रात्री जेवणानंतर बघता यावी एवढंच हवं आहे, की एखादी मैफल, कीर्तन, नाटक वर्षानुवर्षं स्वतःजवळ ठेवायचं आहे? या दोन गरजांचं सामान वेगवेगळं असतं.

नुसतं नंतर बघायचं असेल तर

झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी यांच्यासाठी सशुल्क डीटीएच किंवा केबल घ्यावी लागते. इंदुरात नव्या जोडणीबरोबर सहसा हिंदी पॅक गळ्यात पडतो आणि मराठी वाहिन्या त्यात नसतात. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी घेता येते. तेव्हा आधी लहानात लहान पॅक घ्या आणि हव्या तेवढ्याच मराठी वाहिन्या सुट्या जोडा. महाराष्ट्रासाठीचा मराठी पॅक इथल्या पत्त्यावर मिळतो का, हेही विचारून घ्या आणि दोन्हींची बेरीज करून बघा.

या वाहिन्यांचं प्रक्षेपण कुलूपबंद असतं आणि किल्ली कंपनीच्या डब्यात असते. अशा डब्याने पेनड्राइव्हवर केलेलं रेकॉर्डिंगही कुलूप लावूनच साठवलं जातं. लॅपटॉपला लावलं तर फाइल दिसते, पण चालत नाही. डबा बिघडला आणि बदलून घेतला, की जुनं रेकॉर्डिंग गेलं असं समजा. डब्यातून टीव्हीकडे जाणाऱ्या एचडीएमआयच्या वायरीतून कॅप्चर कार्डाने (चित्र संगणकात उतरवणाऱ्या उपकरणाने) उतरवून घेऊ म्हटलं तर तिथे एचडीसीपी हे नक्कल रोखणारं कुलूप आडवं येतं आणि पडदा काळा राहतो. त्यामुळे या कामासाठी कॅप्चर कार्डावर पैसे घालू नका.

आणखी एक गैरसमज खर्चात पाडतो. टीव्हीला यूएसबी आहे आणि मेनूत ‘रेकॉर्ड’ दिसतं, म्हणजे डीटीएचचं रेकॉर्डिंग टीव्ही करेल असं वाटतं. टीव्ही फक्त स्वतःच्या ट्यूनरवर (सिग्नल पकडणाऱ्या भागावर) आलेलं रेकॉर्ड करतो. एचडीएमआयने बाहेरच्या डब्यातून आलेलं करत नाही.

फाइल जपायची असेल तर

इथे डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या छत्रीवरच्या सेवेला पर्याय नाही. ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे, महिन्याचे पैसे नाहीत, आणि डीडी सह्याद्री त्यावर कुलुपाविना आहे. खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने मिळते, त्यामुळे यंदा दिसणारी एखादी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. फक्त तिच्यासाठी सामान घेऊ नका.

सामान थोडंच लागतं. ६० सेंटिमीटरची ऑफसेट छत्री (जिचा सिग्नल घेणारा भाग मधोमध नसून खालच्या बाजूला असतो) पुरते. मालव्यातल्या जोराच्या पावसात चित्र कमी वेळा तुटावं असं वाटत असेल तर ७५ किंवा ९० ची घ्या. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल घेणारा भाग, युनिव्हर्सल हवी, म्हणजे ९७५० / १०६०० लिहिलेली. केबल आरजी-६, ७५ ओहमची, आतली तार शक्यतो पूर्ण तांब्याची. डबा एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चाच हवा. जुन्या एमपीईजी-२ डब्यावर काही वाहिन्या येतच नाहीत. टीव्हीही नवीन घेणार असाल तर सॅटेलाइट ट्यूनर आतच असलेला बघा. अशा टीव्हींसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १८११२:२०२२ हे मानक आहे. छत्रीची केबल थेट टीव्हीला लागते, वेगळा डबा आणि वेगळा रिमोट नको. रेकॉर्डिंगसाठी मात्र सुटा डबाच बरा, कारण टीव्हीने केलेलं रेकॉर्डिंग बरेचदा त्याच टीव्हीवर चालतं.

डबा घेताना स्वतःचा पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप बरोबर न्या. दुकानात छत्री जोडलेली असेल तर पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि फाइल तिथेच लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा. टीएस (.ts) प्रकारची फाइल झाली आणि आवाज-चित्र जुळलं, तर डबा कामाचा. काही डबे स्वतःच्याच वेगळ्या प्रकारात साठवतात, ते परत ठेवून द्या.

छत्री लावताना

फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, ९३.५ अंश पूर्व. इंदुरातून हा उपग्रह आग्नेयेला आहे: उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १४० अंश, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर. मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, कारण इथे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. पण पत्र्याची शेड, सळया आणि टाकीचा लोखंडी स्टँड यांच्यापासून दोन-तीन पावलं लांब उभं राहून मोजा.

उपग्रह बराच वर असल्याने अडथळा लांबून येत नाही. त्या दिशेला छत्रीपेक्षा ३ मीटर उंच टाकी असेल तर ती २ मीटरपेक्षा थोडी जास्त लांब असली तरी भागतं. झाड मात्र वाढतं आणि पावसात पानं ओली होतात, तेव्हा तिथे जास्त मोकळीक ठेवा. जागा तपासायचा एक बिनखर्ची उपाय आहे. १० मार्चच्या आणि ३ ऑक्टोबरच्या आसपास सकाळी अकराच्या सुमारास (मार्चमध्ये सव्वाअकरा धरा) सूर्य इंदुरातून बरोबर या उपग्रहाच्या जागी दिसतो. त्या वेळी गच्चीवरच्या ठरवलेल्या जागी ऊन असेल तर उपग्रहाची वाट मोकळी आहे. सावली असेल तर जागा बदला. त्याच दिवसांत, त्याच वेळी काही मिनिटं चित्र जातं. तो सूर्याचा गोंगाट आहे, छत्रीला हात लावू नका.

खांब ओळंब्यात उभा करणं हे सगळ्यांत महत्त्वाचं काम. खांब कलला असेल तर छत्री बाजूला फिरवताना तिचा वर बघण्याचा कोनही बदलत जातो आणि उपग्रह सापडता सापडत नाही. ओळंबा किंवा लेव्हल दोन बाजूंनी लावा, मगच बोल्ट आवळा. मग ब्रॅकेटवरच्या आकड्यांवर ५७ लावा. ऑफसेट छत्री तेवढी वर बघताना दिसणार नाही, तिचा चेहरा जेमतेम ३० अंश मागे झुकलेला वाटेल. तसंच बरोबर आहे.

डब्यात ट्रान्सपाँडर (उपग्रहावरून वाहिन्यांचा एक गठ्ठा पाठवणारा भाग) ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० भरा आणि पडद्यावर ‘क्वालिटी’ची पट्टी बघा. ‘स्ट्रेंग्थ’ एलएनबी जोडल्याबरोबर भरते, तिच्यावर विसंबू नका. छत्री अगदी किंचित सरकवा, तीन सेकंद थांबा, पुन्हा सरकवा. घाईत फिरवली तर डब्याला सिग्नल पकडायला वेळच मिळत नाही. नवख्या माणसाची छत्री बरेचदा शेजारच्या, ९५ अंश पूर्वेच्या उपग्रहावर अडकते. स्ट्रेंग्थ भरपूर, क्वालिटी शून्य, किंवा सापडल्या त्या वाहिन्या सगळ्या कुलूपबंद, असं झालं तर छत्री दक्षिणेकडे, म्हणजे तिच्या मागे उभं राहून उजवीकडे, अडीच अंश सरकवा. उपग्रह सापडला की एलएनबी तिच्या पकडीत हळूहळू डावी-उजवी फिरवा. क्वालिटी सर्वांत जास्त जिथे येईल तिथे थांबा. शेवटी बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, एकच एकदम आवळला तर छत्री सरकते.

केबल जोडण्यापूर्वी डब्याचा प्लग काढा. केबलच्या टोकाला एफ-कनेक्टर (आट्यांचं तोंड) बसवताना केबलच्या बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला की शॉर्ट होतं आणि सिग्नल शून्य. छत्रीवरच्या जोडावर रबरी टेप गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. पहिल्या पावसाळ्यानंतर चित्र बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा जोडात शिरलेलं पाणी असतं. २५-३० मीटरपर्यंतची केबल निभावते. खांबाला अर्थिंग करा. विजा कडाडू लागल्या की डब्याला लावलेली केबल काढून ठेवा.

एक बघायची, दुसरी रेकॉर्ड करायची

साध्या डब्यात ट्यूनर एकच असतो. एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना तुम्ही दुसरी बघू शकता ती फक्त त्याच ट्रान्सपाँडरवरची. घरात दोघांच्या दोन आवडी असतील तर दुसरा डबा घ्या. फ्री डिशच्या बाबतीत एक सोय आहे: वाहिन्या व्हर्टिकल आणि ११७०० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात येतात, म्हणजे दोन्ही डबे एलएनबीकडे एकच १३ व्होल्ट मागतात. त्यामुळे ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा, वीज पुढे जाऊ देणारा स्प्लिटर लावूनही एका एलएनबीवर दोन डबे चालतात. केबलवाल्याचा जुना स्प्लिटर चालणार नाही. त्याहून चांगली दोन तोंडांची एलएनबी, सिग्नल वाटला जात नाही.

पेनड्राइव्ह, डिस्क आणि टायमर

जागेचा हिशोब सोपा आहे: वाहिनीचा वेग मेगाबिट प्रति सेकंदात घ्या आणि ०.४५ ने गुणा, तासाचे जीबी मिळतात. २ मेगाबिटच्या वाहिनीला तासाला ०.९ जीबी, तीन तासांच्या नाटकाला २.७. एचडी ८ मेगाबिटची असेल तर तासाला ३.६.

पेनड्राइव्ह डब्यातच फॉरमॅट करा. एफएटी३२ या फॉरमॅटमध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, त्यामुळे लांब कार्यक्रमाचे तुकडे पडतात किंवा रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. एनटीएफएस हा दुसरा फॉरमॅट काही डबे वाचतात, पण त्यावर लिहीत नाहीत. स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर लिहिलेली क्षमता खरी असेलच असं नाही. नवा आणल्यावर संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने काठोकाठ भरून तपासा, नाहीतर पहिले काही तास नीट आणि पुढचं सगळं फाटकं निघतं. हार्ड डिस्क लावायची तर लक्षात ठेवा, यूएसबी २.० चं तोंड ५०० मिलिअँपिअरच देतं. डिस्क टिकटिक करून बंद पडत असेल तर वीज कमी पडते आहे. स्वतःचं ॲडॉप्टर असलेली डिस्क किंवा वीज देणारा हब लावा.

टायमर लावण्याआधी डब्यातली वेळ जीएमटी +५:३० आहे ना ते पाहा. कार्यक्रमाच्या दोन मिनिटं आधी सुरू आणि दहा मिनिटं नंतर बंद, असा टायमर लावा. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची चांगली सवय इथे आड येते: डबा स्टँडबायवर असला तरच टायमर चालतो. इन्व्हर्टर असेल तर डबा त्यावर घ्या, कारण वीज क्षणभर गेली तरी फाइल अर्धवट राहते.

नियमितपणे बरंच जपणाऱ्यांनी डब्याऐवजी संगणकाला लावायचा डीव्हीबी-एस२ (उपग्रहाचा सिग्नल घेणारा) ट्यूनर घ्यावा, जसा टीबीएस ५९२७. लिनक्सवर टीव्हीहेडएंड हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम घातला की एकाच ट्रान्सपाँडरवरच्या अनेक वाहिन्या एका ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात. बसवायला एक रविवार जातो आणि लिनक्सची थोडी ओळख लागते.

पेनड्राइव्ह कायमचं कोठार नाही. फाइल हार्ड डिस्कवर उतरवा, दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, नावात तारीख आणि वाहिनी घाला. पेनड्राइव्हवरून काढून टाकण्यापूर्वी उतरवलेली फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या मिनिटाला उघडून बघा.