वरच्या दुधाचा डबा निवडताना

आईचे दूध पुरत नाही, असे बालरोगतज्ज्ञांनी बाळाचे वजन पाहून सांगितल्यावरच पावडरच्या दुधाकडे वळावे. सोलापुरात नव्या पेठेतल्या मेडिकलमध्ये नॅन प्रो, लॅक्टोजेन, सिमिलॅक, डेक्सोलॅक असे डबे समोर मांडले की महाग तोच चांगला, असे वाटू लागते. प्रत्यक्षात देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्यातील प्रथिने, स्निग्धांश, लोह व जीवनसत्त्वे यांच्या मर्यादा सरकारी मानकांनी ठरवलेल्या असतात. डीएचए (एक प्रकारचे स्निग्धाम्ल) किंवा प्रोबायोटिक (पोटाला उपकारक मानले जाणारे जिवाणू) यांमुळे किंमत चढते, पण त्यापायी घरखर्चाची ओढाताण करण्याचे कारण नाही.

नावाआधी डब्यावरचा आकडा पाहावा. पहिल्या सहा महिन्यांसाठी १, त्यानंतर वर्षापर्यंत २. मग घटकांची यादी वाचावी: कर्बोदकांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर, मुख्य असावे; वरून घातलेली साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) कमीत कमी. लॅक्टोजविरहित, सोयाचे किंवा ॲलर्जीसाठीचे डबे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नयेत. बाळ रडते एवढ्यावरून डबा बदलणे तर मुळीच नको. १९९२ च्या कायद्याने या दुधाची जाहिरात करण्यास, नमुने फुकट वाटण्यास आणि डब्यावर बाळाचे चित्र छापण्यास मनाई आहे, त्यामुळे कोणी फुकट डबा पुढे केला तर तो नाकारावा. त्याच कंपनीचे कागदी खोक्यातील रिफिल बहुधा स्वस्त पडते. फक्त वापरण्याची अंतिम तारीख तपासावी.

खरी काळजी पाण्याची. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते टाकीत साठते, म्हणून ते खळखळून उकळावे व अर्ध्या तासाच्या आत, चांगले गरम असतानाच वापरावे, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि तिच्यातील जंतू मरायला पाणी किमान ७० अंश लागते. आधी पाणी मोजावे, मग पावडर घालावी, आणि दूध कोमट झाल्यावरच पाजावे. आमच्या घरी जुन्या डब्यातला चमचा नव्या डब्यात राहिला आणि दोन दिवस दूध पातळ होत होते. प्रत्येक कंपनीचा चमचा वेगळा असतो, हे तेव्हा उमगले. चमचा सपाट भरावा, दाबून नव्हे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडले धुवायला सोपे. एप्रिल-मेच्या उन्हात डबा गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नये, उघडल्यापासून महिन्याभरात संपवावा, आणि बाळाने उष्टे ठेवलेले दूध लगेच ओतून द्यावे.