ट्रकला इंजेक्टर केवढे टाकायचे? आधी हिशोब, मग खरेदी

इकडे अमेरिकेत 5.3 लिटर व्ही8 वाला शेव्हरोलेचा सिल्व्हराडो ट्रक (2013 पर्यंतचा) दारात आला की थोड्याच दिवसात पॉवर वाढवायला मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नाहीतर टर्बो टाकायची खाज सुटते, आणि मग कोणीतरी सांगतंच की सरळ 80 पौंडवाले (तासाला 80 पौंड पेट्रोल फवारणारे) इंजेक्टर टाक, टेन्शन नाही. ऐकू नका. फार मोठा इंजेक्टर आयडलला इतका कमी वेळ उघडतो की थेंब मोजून पडत नाहीत, आरपीएम वरखाली होतो, प्लग काळे पडतात. लहान पडला तर त्याहून वाईट, फुल लोडवर मिक्श्चर लीन होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, पिस्टनच वितळतो.

आधी पॉवर ठरवा, खरी, चाकावर मोजलेली नव्हे, इंजिनच्या क्रँकवरची. मग एका एचपीला तासाला लागणारं पेट्रोल धरा, साध्या इंजिनला 0.5 पौंड, टर्बोला 0.6 च्या आसपास. एचपीला या आकड्याने गुणा, आणि इंजेक्टरची संख्या गुणिले 0.8 ने भागा. 0.8 म्हणजे ड्युटी सायकल, इंजेक्टर 80 टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू द्यायचा नाही.

टर्बो लावून 500 एचपी हवेत समजा. 500 × 0.6 = 300, भागिले 8 × 0.8 म्हणजे 6.4, उत्तर एका इंजेक्टरला तासाला जवळपास 47 पौंड. सीसीमध्ये हवं तर 10.5 ने गुणा, साधारण 490 सीसी पर मिनिट. ई85 (85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) जाळणार असाल तर अजून 30 टक्के तरी वाढवा आणि पंप तेवढं ढकलतो का तेही बघा, नुसते इंजेक्टर बदलून काय होणार.

आता खरी गोची. इंजेक्टरवरचा आकडा कुठल्या प्रेशरचा आहे ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बरेच इंजेक्टर 43.5 पीएसआयला मोजलेले असतात आणि या ट्रकच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, असतं साधारण 58. फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 42 लिहिलेला इंजेक्टर इथे 48 च्या वर देतो, वरच्या हिशोबात चक्क बसतो! पण पेट्रोलचं प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला बूस्टची (टर्बोने दाबलेल्या हवेची) नळी नसेल तर 10 पीएसआय बूस्टला तोच फ्लो 9 टक्के घटतो, मग एक साइझ वरचा घ्या.

उंची, कनेक्टर, ओ-रिंग जुळवा. मल्टिमीटरने इंजेक्टरचे ओहम बघा, 12 ते 16 आले तर ठीक, 2-3 आले तर स्टॉक ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) लावू नका. विकणाऱ्याकडून डेड टाइमचा (करंट दिल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतच्या वेळेचा) डेटा मागा, तो ट्यूनमध्ये, म्हणजे ईसीयूच्या सेटिंगमध्ये, भरल्याशिवाय ट्रक धड चालणार नाही. डेटा नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

आणि हो, गावाकडे डिझेल ट्रक असेल तर हा फॉर्म्युला विसरा, कॉमन रेल डिझेलमध्ये पार्ट नंबर तोच घ्यायचा आणि इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये टाकून घ्यायचा.