नाशिकमध्ये सॅटेलाइट रेडिओ: गच्चीवरच्या छत्रीतून, टीव्ही न लावता

सॅटेलाइट रेडिओ म्हटले की आपल्याकडे वर्ल्डस्पेस आठवते. २००० साली सोडलेल्या एशियास्टार उपग्रहावरून चालणारी ती पैसे भरून ऐकायची सेवा भारतात ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद पडली. तिचा रिसीव्हर अजून कपाटात असेल तर आधी आतले सेल काढा, गळून पट्ट्या खातात. एफएम असलेले मॉडेल असेल तर तेवढ्यासाठी वापरा, नाहीतर ई-कचऱ्यात द्या. तो एल बँडचा, म्हणजे वेगळ्याच लहरींचा आहे, आजचा कोणताही डीटीएच सिग्नल त्यावर येणार नाही. ‘नवीन कार्ड टाकून चालू करून देतो’ असे कोणी म्हटले तर पैसे देऊ नका.

अमेरिकेत सिरियसएक्सएम तगले, कारण तिथे रिसीव्हर नव्या गाडीत बसवूनच येतो आणि शहरांत उंच इमारतींच्या आड जमिनीवरचे रिपीटर सिग्नल भरून काढतात. आता तर तिथल्या नव्या गाड्यांत उपग्रह आणि इंटरनेट एकाच डब्यात असतात. आपल्याकडे यातले काहीच नाही, तेव्हा गाडीसाठी सॅटेलाइट रेडिओची वाट पाहू नका. घरासाठी मात्र तो आहे, फुकट आहे, आणि बऱ्याच गच्च्यांवर आधीच लागलेला आहे: दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा, डीडी फ्री डिश. त्यावर आकाशवाणीची विविध भारती, एफएम गोल्ड, एफएम रेनबो, शास्त्रीय संगीताची रागम अशी बरीच केंद्रे येतात. लोक टीव्हीपुरते बघतात आणि रिमोटवरचे ‘टीव्ही/रेडिओ’ बटण कधी दाबतच नाहीत.

काय लागेल

साठ सेंटिमीटरची छत्री (डिश), युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग; त्यावर ९७५०/१०६०० छापलेले असते), आरजी-६ केबल, तिच्या टोकांना लावायचे दोन एफ कनेक्टर आणि एमपीईजी-४ सेट-टॉप बॉक्स. जुना एमपीईजी-२ बॉक्स चालतो, पण सगळे चॅनेल दाखवत नाही. बॉक्सवर चॅनेलचा आकडा दिसणारा छोटा डिस्प्ले असलेलाच घ्या, पुढे तो कामाला येतो. ज्या अॅम्प्लिफायरवर किंवा स्पीकरवर ऐकायचे त्याला ऑक्स इनपुट (बाहेरचा आवाज आत घ्यायची जागा) हवे.

छत्रीची दिशा

फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. नाशिकहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजून सुमारे १३४ अंशांवर आणि क्षितिजापासून साडेसत्तावन्न अंश उंचीवर आहे. मोबाइलचे होकायंत्र पुरेसे आहे, फक्त लोखंडी कठड्याला टेकून किंवा छत्रीला चिकटवून वाचू नका, दहा-पंधरा अंश सहज फिरते. चार पावले मागे येऊन दिशा घ्या आणि समोरची एखादी खूण लक्षात ठेवा.

उंची ब्रॅकेटवरच्या आकड्यांनी लावा. छत्री बघून वाटेल की ती फारच उभी आहे. बरोबर आहे. ऑफसेट छत्रीत एलएनबी खालून बघते, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा साधारण पंचवीस अंश वर बघत असते. डोळ्याच्या अंदाजाने आकाशाकडे आडवी केलीत तर सिग्नल गेलाच.

एलएनबीचा पीळ बहुतेक जण विसरतात. छत्रीच्या मागे उभे राहून आकाशाकडे बघताना, शून्याच्या खुणेपासून घड्याळाच्या उलट सुमारे ४३ अंश फिरवा. मग बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे पान उघडा. तिथे दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंग्थ’कडे लक्ष देऊ नका, एलएनबीला वीज मिळाली की छत्री भिंतीकडे असली तरी ती भरते. ‘क्वालिटी’ बघा. नट अर्धे सैल ठेवून छत्री बोटभर सरकवायची, दोन-तीन सेकंद थांबायचे, मग पुन्हा. बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो, आणि घाईत नेमकी जागा निसटते. क्वालिटी जास्तीत जास्त आली की नट आळीपाळीने आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली की छत्री वळते.

मध्ये टाकी किंवा झाड येते का, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर कशाची सावली पडत असेल तर तेच सिग्नल अडवते आहे. त्याच दिवसांत काही मिनिटे आवाज तुटला तर मेकॅनिक बोलावू नका, तो सूर्याचा प्रताप आहे.

टीव्हीशिवाय जोडणी

टीव्ही एकदाच लागतो, स्कॅन करताना. बॉक्समध्ये ब्लाइंड किंवा ऑटो स्कॅन करून रेडिओची यादी उघडा आणि आवडत्या केंद्रांचे आकडे कागदावर लिहून ठेवा. आता एव्ही आउटपुटच्या लाल-पांढऱ्या पिना अॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये घाला, पिवळी मोकळी सोडा. बॉक्सचा आवाज ऐंशी टक्क्यांवर कायम ठेवून कमी-जास्त अॅम्प्लिफायरवर करा. उलटे केले तर घरघर ऐकू येते. यापुढे रिमोटवर आकडा दाबायचा, डिस्प्लेवर बघायचा, बस.

‘एलएनबी शॉर्ट’ असा निरोप आला तर दहात नऊ वेळा कनेक्टरचा दोष असतो: जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला टेकलेली असते. आधी बॉक्सची वीज बंद करा, मग टोक पुन्हा कापा, मधली तार कनेक्टरच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर येऊ द्या. एलएनबीकडच्या कनेक्टरला टेप मारा आणि केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकते, आत शिरत नाही.

पावसाळ्यात मात्र कू बँडचा (या छत्र्यांच्या लहरींचा) सिग्नल मुसळधारेत जातोच. मोठ्या छत्रीने फरक पडतो, पण पूर्ण नाही. तेवढा वेळ नाशिक आकाशवाणी एफएमवर १०१.४ मेगाहर्ट्झला ऐका.

मग स्ट्रीमिंग कशासाठी?

रस्त्यासाठी आणि निवडीसाठी. न्यूज ऑन एआयआर अॅपवर देशभरातली आकाशवाणी केंद्रे ऐकता येतात. ६४ केबीपीएसला तासाला सुमारे २९ एमबी जातात, १२८ ला ५८, आणि गाण्यांच्या अॅपवर ३२० चा दर्जा लावला तर १४४. रोज तीन तास रेडिओ ६४ ला म्हणजे महिन्याला अडीच-पावणेतीन जीबी. घरात दिवसभर तेच एक केंद्र चालू राहणार असेल तर हा डेटा छत्रीवर वाचवणे शहाणपणाचे. हवे ते गाणे हव्या त्या क्षणी हवे असेल तर छत्रीचा उपयोग शून्य.

मुंबईकडे निघताना गाणी घरच्या वाय-फायवर उतरवून घ्या. कसारा घाटात नेटवर्क तुटते-जुळते, आणि समृद्धीवर इगतपुरीच्या पुढचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे, ताशी शंभरनेही पाच मिनिटे. थेट प्रसारणाला अॅप एवढा साठा आधी करून ठेवत नाही. उपग्रहाचा रेडिओ गाडीत असता, तरी बोगद्यात तोही गप्पच बसला असता.

आणि हो, स्ट्रीमिंग थेट प्रसारणाच्या बरेच सेकंद मागे असते. बातम्यांआधीच्या टोल्यांवर घड्याळ लावायची सवय असेल तर ते एफएमवरच लावा.