मँगोस्टीनचं बी वाळवू नका

मँगोस्टीन (जाड जांभळ्या सालीचं, पांढऱ्या गराचं फळ) खाऊन उरलेलं बी रुजत नाही, कारण आपण ते भोपळ्याच्या बियांसारखं राखेत घोळून वाळवतो. हे बी वाळलं की मेलं.

1. फळातली सगळ्यात मोठी पाकळी बघा, भरलेलं बी बहुधा तिच्यातच असतं. चपटं, हलकं बी टाकून द्या.
2. गर बोटांनी चोळून धुवा. तंतू राहिले तर बुरशी धरते.
3. त्याच दिवशी ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), झाकणाच्या डब्यात ठेवा. कोकोपीट मुठीत दाबलं तर पाणी टपकता कामा नये.
4. कोंब दिसला की उंच पिशवीत लावा.

फळाला आठ-दहा वर्षं सहज लागतात. घाई असेल त्याने पपई लावावी.

खरी अडचण पुढे, मार्च ते मे. जळगाव-भुसावळकडचं ऊन आणि झळ या रोपाला सोसत नाही. पिशवी केळीच्या मळ्यात, दोन खोडांच्या मधे ठेवा. पानांची सावली आणि ठिबकचा गारवा आयता मिळतो, शेडनेटचा खर्च वाचतो. फक्त मळ्यात तणनाशक मारायचं असेल त्या दिवशी पिशवी आधी उचला. उचलताना मातीचा गोळा फुटू देऊ नका, याची मुळं फार नाजूक असतात.